रात्री कोण कुठे झोपतं? हिंगोलीतल्या दोन गावांच्या घरपाहणीच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२४

आज तहसील कचेरीत बैठक झाली आणि काम ठरलं. हिंगोली जिल्ह्यातल्या दोन ग्रामपंचायतींना गावाचा आपत्ती आराखडा नव्यानं करायचा आहे. त्यातला भूकंपाचा भाग आमच्याकडे आला. आम्ही म्हणजे मी आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेले माझे सहा विद्यार्थी. गावांची नावं इथे लिहिणार नाही. लोकांच्या घरात शिरून कोणाची भिंत कच्ची आहे हे आम्ही बघणार, ते गावाचं गावापाशीच राहावं. ‘वरचं गाव’ आणि ‘ओढ्याकडचं गाव’ एवढं पुरे.

जुना आराखडा वाचून काढला. अकरा पानं आहेत, त्यातली सात फोन नंबरांची. भूकंपावर अर्धं पान: घाबरू नये, मोकळ्या जागी यावं, टेबलाखाली बसावं. वरच्या गावात टेबल असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी असतील. घरं कशानं बांधली आहेत, कोणतं आधी बसेल, ते बसलं तर आत किती माणसं असतील, यातलं काहीच त्यात नाही.

विषय इथे कोणाला नवा नाही. वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यात वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज येतात. पांगरा शिंदे या गावाचं नाव त्यापायी कितीदा तरी पेपरात आलं. आवाज झाला, भांडी वाजली, की लोक अंगणात येतात. थोड्या वेळानं पुन्हा आत जातात. मला धास्ती आहे ती या पुन्हा आत जाण्याची. मी औसा तालुक्यातली. १९९२ मध्येही किल्लारीकडे धक्के बसले होते. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं दमून घरात झोपली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंप रिश्टर सहाच्या थोडा वरचा, जगाच्या मानानं मध्यम. माणसं गेली दहा हजारांच्या घरात. त्याआधी तो भाग देशाच्या भूकंप नकाशात सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

१२ फेब्रुवारी

ग्रामसेवकांनी नमुना ८ ची वही काढून दिली. घरपट्टी आकारायची ही वही. तिच्यात घराचा प्रकार लिहिलेला असतो: झोपडी किंवा मातीचं, दगड-विटांचं मातीत बांधलेलं, दगड-विटांचं चुन्यात किंवा सिमेंटात बांधलेलं, आणि आरसीसी. कर लावण्यासाठी केलेली ही वर्गवारी भूकंपाच्या वर्गवारीच्या इतकी जवळ जाते की मी अर्धा तास नुसती वही चाळत बसले. युरोपातल्या तीव्रता मापन पद्धतीत घरांचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा वर्ग करतात. (तीव्रता म्हणजे रिश्टरचा आकडा नव्हे, त्या त्या जागी धक्का किती जोरात बसला ते.) अनगड दगडाचं आणि कच्च्या मातीचं घर ‘ए’ म्हणजे सगळ्यांत नाजूक, भूकंपाचा विचार न करता बांधलेलं आरसीसी साधारण ‘सी’. म्हणजे दर ग्रामपंचायतीच्या कपाटात धोक्याची निम्मी यादी आधीच पडून आहे.

बीएमटीपीसी ही केंद्र सरकारची बांधकाम साहित्याची परिषद. तिच्या २०१९ च्या आपत्ती-धोक्याच्या नकाशासंग्रहातले जिल्ह्याचे तक्तेही पाहिले. त्यांचा आधार २०११ ची जनगणना. जनगणनेत दगडी भिंतींचे दोन प्रकार आहेत, मसाल्यात, म्हणजे दगड जोडणाऱ्या लगद्यात, बांधलेली आणि मसाल्याविना रचलेली. चिखलात बांधलेली भिंत कोणत्या रकान्यात गेली असेल ते कागदावरून कळत नाही, आणि आमच्या दृष्टीनं सगळा फरक तिथेच आहे. जिल्ह्यासाठी तक्ते ठीक. गावासाठी पायी फिरणं आलं.

वहीचीही अडचण आहे. एकाच नंबरात पुढे स्लॅबच्या दोन खोल्या आणि मागे आजोबांच्या काळचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. वहीत फक्त स्लॅब.

१५ फेब्रुवारी

वरच्या गावातली मारुतीमागची गल्ली. एकवीस घरं, त्यातली तेरा माळवदाची.

एका घरात दीड तास गेला, पण मुलांना दाखवायचं होतं. भिंत अडीच फूट जाड. घरधनी कौतुकानं भिंतीवर थाप मारून म्हणाले, “आज्यानं बांधल्याली हाय मॅडम. हिला काय होतंय?” कोपऱ्यात गिलावा सुटला होता, तिथून आत बॅटरी मारली. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर, आणि दोहोंच्या मध्ये बारीक दगड, माती, खापऱ्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड एकही सापडला नाही. विद्यार्थ्यानं पातळ सळई मधल्या भरावात हळूच सारली, तर कोपरापर्यंत हात गेला. दिसायला एक भिंत, प्रत्यक्षात पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन. हादरा बसला की या दोन पाठी एकमेकींपासून सुटतात. बाहेरची गल्लीत पडते, आतली माणसांवर. माळवदाचं पाणी वर्षानुवर्षं मधल्या भरावात झिरपलेलं, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला चांगलं वीतभर पोट आलंय.

मग वर चढलो. दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, ही रीत. जुनी माती कोणी काढत नाही. पन्हाळीपाशी मोजलं, दोन फूट भरली. मुलांना तिथेच बसून हिशेब करायला लावला: दहा बाय बाराची खोली, दोन फूट माती, घनमीटरला दीड टनाच्या वर वजन. उत्तर दहा-अकरा टन आलं. एक विद्यार्थिनी गणित पुन्हा पुन्हा तपासत राहिली, तिला ते पटेना. खाली त्या खोलीत पाळणा टांगलेला होता.

पण याच घरात एक चांगली गोष्ट आहे. हे खणाचं घर. सागवानी खांब, खाली दगडी तळखडे, खांबांवर तुळया, तुळयांवर माळवद. छताचा भार भिंतीवर येतच नाही. किल्लारीच्या परिसरात अशा कितीतरी घरांच्या भिंती ढासळल्या तरी खांब उभे राहिले आणि छत वर राहिलं. जिथे खांब नव्हते, किंवा बुडाशी कुजले होते, तिथे सगळं एकदम खाली आलं. म्हणून आमच्या तक्त्यातला पहिला प्रश्न ठरला, माळवद खांबांवर आहे की भिंतींवर? दुसरा, खांबाच्या बुडाशी वाळवी आहे का? स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायचं. आजचे खांब टणक निघाले.

१९ फेब्रुवारी

आज माझ्या चुकीनं काम थांबलं.

मुलांना सोपं जावं म्हणून मी दारावर गेरूनं नंबर घालायला सांगितलं होतं, आणि जिथे पुन्हा यायचं त्या नंबराभोवती गोल. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावात बातमी, की गोल म्हणजे घरकुल मंजूर. उरलेल्या अर्ध्यात, की गोल म्हणजे घर पाडणार. एका बाईनं गोल घासून पुसला. एकानं पहारीनं आपली भेग रुंद केली, ती ताजी माती आम्हाला सकाळी दिसली. त्याला दोष देता येत नाही. पावसात गळणाऱ्या घरात राहणारा माणूस सरकारी कागद हातात घेऊन आलेल्यांकडून दुसरं काय समजेल?

सरपंचबाईंनी रात्री देवळापुढे लोक जमवले. मी एवढंच सांगितलं: या पाहणीतून कोणाला घरकुल मिळणार नाही, कोणाचं जाणार नाही, कोणाला नोटीस येणार नाही. मोठा धक्का बसला तर आधी कुठे धावायचं हे गावाला माहीत असावं, म्हणून हे काम. पोलीस पाटलांनी विचारलं, “लिहून देता का?” ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून घेतलं. गेरूचे नंबर उद्या आम्हीच पुसणार. खूण राहील ती नमुना ८ च्या अनुक्रमांकाची, तीही फक्त कागदावर.

२७ फेब्रुवारी

आजपासून तक्ता बदलला. कसा ते लिहून ठेवते.

ओढ्याकडच्या गावात एक घर. पुढे नवी दोन खोल्यांची बांधणी, विटा आणि पत्रा. मागे माळवदाची जुनी खोली, खांबांविना, छत सरळ भिंतीवर. आमच्या पद्धतीनं नोंद झाली: घर एक, माणसं सात, प्रकार मिश्र. पुढच्या दाराला निघालो, तर मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. आत एक आजी बाजेवर बसल्या होत्या, शेजारी त्यांचे यजमान पडलेले, अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झालेली. नातही तिथेच झोपते म्हणाल्या.

मी विचारलं, “आजी, पुढच्या खोलीत का नाही झोपत?”

“पत्र्यात जीव भाजून निघतो माय. माळवदाखाली गारवा राह्यतो. आन् ह्यांना उचलून कोण नेणार रोज?”

सात माणसांचं घर. पण मोठा धक्का रात्री बसला तर त्या सातांतले चार पत्र्याखाली असतील आणि तिघं दहा टन मातीखाली. ज्याला हलता येत नाही तो, त्याला सोडून जी जाणार नाही ती, आणि पाच वर्षांची मुलगी. घरटी सात लिहून आराखडा केला असता तर हे तिघं त्यात सापडले नसते.

म्हणून नवा रकाना: रात्री कोण कुठे झोपतं. खोलीवार. कोण उठू शकत नाही, तेही. झालेली सगळी घरं पुन्हा करायची. मुलं कुरकुरली नाहीत.

हा प्रश्न परक्यानं विचारायचा नसतो, हेही लगेच कळलं. आशाताई आणि अंगणवाडीच्या सेविका बरोबर असल्या तरच बायका मोकळेपणानं सांगतात. किल्लारीनंतर पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. माझी आई त्यांतली एक. ती म्हणायची, इंजिनिअर भिंत बघतो, घर बायकांना विचारावं लागतं.

६ मार्च

ओढ्याकडच्या गावात तांड्याच्या बाजूला ओळीनं कुलुपं. ऊसतोडीला गेलेत. दिवाळीनंतर जातात, एप्रिलपर्यंत परततात. कुलूप नसलेल्या घरात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. आम्ही आधी या घरांपुढे ‘बंद’ लिहीत होतो. आता दोन आकडे लिहितो, ऊसतोडीच्या दिवसांतला आणि पावसाळ्यातला.

१४ मार्च

विटा-सिमेंटची घरं भराभर उरकली. बहुतेकांना खिडकी-दाराच्या डोक्यावरून चारी बाजूंनी फिरणारा काँक्रीटचा पट्टा नाही. नुसत्या दारावर लिंटेल. पट्टा घराला कमरेला करदोटा बांधल्यासारखा धरून ठेवतो. बांधतानाच घातला तर खर्च थोडा, मागाहून फार. नव्या घरकुलांच्या गवंड्यांना एकदा बसवून हे सांगायला हवं.

पत्र्याच्या घरांचं काय करावं कळत नाही. छत हलकं, ही जमेची बाजू. पण वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवलेत, एकेका घरावर वीस-पंचवीस. काही नारळाएवढे, काही दोघांनी उचलावे लागतील असे.

२१ मार्च

सकाळी ६ वाजून ८ मिनिटं. तालुक्याच्या गावी खोलीवर होते. आधी खालून ट्रक गेल्यासारखा घुमला, मग खिडकीच्या काचा, मग पलंग. मी दाराशी पोचेपर्यंत थांबलं होतं. ६ वाजून १९ मिनिटांनी पुन्हा, जरा हलका. पहिला ४.५, दुसरा ३.६. नांदेड, परभणीपर्यंत जाणवला.

आठला वरच्या गावात पोचलो. सगळं गाव रस्त्यावर. कोणाला लागलेलं नाही. मुलांनी स्वतःहून तक्ते काढले आणि ज्या भिंतींच्या भेगा आधी मोजून ठेवल्या होत्या त्या पुन्हा मोजायला लागले. मारुतीमागच्या गल्लीत पश्चिमेची ती पोट आलेली भिंत बोटभर आणखी पुढे आलीय. त्या घरात आता झोपायचं नाही, हे मी आज्ञा करावी तसं बोलले. घरधनी काही बोलले नाहीत, मान हलवली.

पुढे एका पत्र्यावरून दगड घरंगळून अंगणात पडला होता. तिथून दोन हातांवर बाज. बाजेवर गोधडी तशीच.

दुपारी निरोप फिरला, पत्र्यावर दगड ठेवले असतील त्यांनी काढून घ्यावेत असं प्रशासनाचं आवाहन. योग्यच आहे. पण एका बाईनं मला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर निरोपात नव्हतं: “दगडं काढतो ताई. पण अवकाळीत पत्रा उडून लेकराच्या मानंवर आला तं?”

मुलांना धक्क्याची गणितं सांगताना माझा आवाज नीट निघत नव्हता. किल्लारीची ऊर्जा आजच्या धक्क्याच्या तीनशे पटींहून जास्त होती.

२३ मार्च

दगडांवर उपाय. पत्र्याला भोक पाडून आकड्याचा बोल्ट खालच्या पाइपाला अडकवायचा, वर रबरी वायसर. जिथे खाली लाकडी वासा आहे तिथे दुहेरी तार. गावातला वेल्डर पाच घरं फुकट करून देतो म्हणाला, पुढची घरं मजुरी घेऊन. ज्या बाईनं विचारलं होतं तिच्या घरापासून सुरुवात केली. दगड उतरवून अंगणात रचले, तेवीस निघाले.

२ एप्रिल

निवडणुकीची कामं. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक सगळे त्यात. २६ ला मतदान. तोवर कागद नीट लावत बसायचं.

९ मे

उन्हाळ्यातली रात्रीची मोजणी. साडेनऊला दोन्ही गावांतून आशाताईंबरोबर फिरलो. जवळपास सगळं गाव बाहेर: अंगणात, ओट्यावर, माळवदावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ऊसतोडीची माणसं परत आलीत. मागच्या खोलीतल्या आजीही अंगणात होत्या, यजमानांची बाज नातू आणि शेजारी मिळून उचलतात म्हणाल्या.

खोलीवर परतून तक्ता मांडला. उभ्या रकान्यांत तीव्रता सात आणि आठ, आडव्या ओळींत वर्षातल्या वेळा. आठ तीव्रतेला ‘ए’ वर्गातल्या बऱ्याच घरांचं भारी नुकसान होतं, भिंती ढासळतात, आणि थोडी पूर्ण बसतात, असं ती युरोपातली पद्धत सांगते. किल्लारीला सर्वाधिक तीव्रता आठ ते नऊच्या दरम्यान धरतात. ‘बरीच’ आणि ‘थोडी’ या शब्दांना नेमका आकडा नाही, म्हणून मी कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन्ही लिहिले. गावाला एकच ठाम आकडा देणं मला खोटं वाटतं.

मेच्या रात्रीचा चौकोन सगळ्यांत हलका. जानेवारीच्या रात्री आत माणसं कमी, पण जी आहेत ती म्हातारी आणि पोरं, आणि ढिगारा उपसायला तरणा माणूस गावात नाही. सगळ्यांत जड चौकोन सप्टेंबरच्या रात्रीचा. पावसामुळे सगळे आत. ऊसतोडीला अजून कोणी गेलेलं नाही. तीन महिन्यांच्या पावसानं भिंती आणि माळवदाची माती भिजून जड झालेली. तो चौकोन भरला आणि पेन खाली ठेवलं. किल्लारी सप्टेंबरातच झाली होती.

३ जून

पाऊस यायच्या आत दोन घरं करून दाखवायची असं ठरवलं होतं. आजींची मागची खोली आणि मारुतीमागचं पोट आलेलं घर.

आजींच्या खोलीवरची माती उतरवली. एकीकडूनच उपसली तर भार एका भिंतीवर येतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखी, घमेल्यानं, दिवसभर. दोन फुटांची आठ इंचांवर आणली, खाली जाड प्लॅस्टिक अंथरलं म्हणजे गळणार नाही. सहा-सात टन माती निघाली. शेजारचे बघायला उभे होते, दुपारपर्यंत तेच घमेली उचलायला लागले. मग आत छताखाली चार खांब आणि तुळई. जुनं लाकूड गावातूनच मिळालं.

भिंतीचं काम हळूहळू चाललंय. आरपार दगड आता घालता येत नाही, त्याऐवजी दर मीटरभरावर भिंतीतून आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. भोक हातोड्यानं पाडायचं नाही. पहारीचं टोक घालून एकेक दगड सैल करत काढायचा, जसा दात हलवून काढतात. गवंडीबाबांना पहिल्या दोन भोकांना वेळ लागला, तिसऱ्यापासून ते मलाच सांगायला लागले. काँक्रीटवर दहा दिवस पाणी.

आजी म्हणाल्या, “गारवा गेला की गं.” खरं आहे. माती गेली की गारवा जातो. पुढच्या उन्हाळ्यात छतावर पांढरा चुना देऊन बघू.

१८ जून

आराखड्याचा मसुदा. जुन्यात जे नव्हतं ते आधी लिहिलं.

गल्ल्यांचा नकाशा. बारा फूट उंच माळवदाची भिंत बाहेर पडली तर सहा फुटांची गल्ली भरून जाते. वरच्या गावातल्या तीन गल्ल्या अशा, त्यांत जेसीबी शिरणार नाही. तिथे मागच्या परड्यांतून वाट काढायची. दोन परड्यांच्या मालकांनी कुंपणाला फाटक ठेवायचं कबूल केलं.

हत्यारं. पहारी, टिकाव, फावडी, घमेली, ट्रॅक्टरचे जॅक, दोर, बॅटऱ्या. दोन ठिकाणी, दोन्ही कुलपांविना. आधी शाळेच्या खोलीत ठेवायचं ठरत होतं, पण तीच खोली जुनी दगडी आहे. मग पाण्याच्या टाकीखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

आणि क्रम. मातीच्या छताखाली गाडलेल्या माणसापाशी वेळ फार थोडा असतो. काँक्रीटखाली पोकळ्या राहतात, मातीत राहत नाहीत, नाकातोंडात धूळ जाते. बाहेरची तुकडी येईपर्यंत जे काही व्हायचं ते शेजाऱ्यांच्या हातून. म्हणून गल्लीवार यादी केली: कोणत्या घरात, कोणत्या खोलीत, दारापासून कोणत्या बाजूला बाज. यादीच्या तीनच प्रती. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई.

१० जुलै

७ वाजून १४ मिनिटं, पुन्हा ४.५. मी लातूरला होते. फोन लागेपर्यंतची वीस मिनिटं फार लांब गेली. लागला तेव्हा पोलीस पाटील बोलण्याच्या घाईत होते: “मॅडम, यादीपरमानं फिरायलोय. अकरा घरं झाली, सात राह्यलीत.” मी फोन ठेवला.

मारुतीमागची भिंत जागच्या जागी आहे.

१५ ऑगस्ट

ग्रामसभेत आराखडा मंजूर झाला. चर्चा लांबली ती मातीवरून. माळवद हलकं करायला तयार घरं बरीच निघाली, पण ट्रॉलीचं भाडं आणि खांबांचं लाकूड कुठून आणायचं? ग्रामसेवक निधीचं शीर्षक शोधतायत. पावसाळा संपेपर्यंत काम नाहीच, म्हणून तोवर एक ठराव: खांबांविना माळवदाखाली जे झोपतात त्यांची रात्रीची सोय बदलायची. पुढच्या खोलीत, ओसरीत, भावाकडे, जमेल तशी. ठराव मांडला आशाताईंनी.

२ सप्टेंबर

आज पोळा. बैल गोठ्यातच. कालपासून पाऊस थांबलेला नाही, सगळा जिल्हा पाण्यात आहे. ओढा पुलावरून वाहतोय, मला गावात जाता आलं नाही.

रात्री साडेअकराला आशाताईंचा फोन आला होता. भिंती भिजून एक माळवद बसलं. आत कोणी नव्हतं, ते घर ठरावानंतर भावाकडे झोपायला जात होतं. त्यावर त्यांनी आणि पोलीस पाटलांनी यादी काढली आणि खांबांविना माळवदाची उरलेली सगळी घरं रिकामी केली. माणसं शाळेच्या नव्या इमारतीत, ज्यांना चालता येत नाही त्यांना बाजेसकट. भूकंपाच्या धक्क्यासाठी केलेल्या यादीतला प्रत्येक रकाना त्यांना लागला.

दुपारी त्यांनी यादीच्या पानाचा फोटो पाठवला. कडा भिजलेल्या, शाई पसरलेली. आजींच्या घरापुढे आमच्या अक्षरात ‘मागची खोली, ३’ होतं. ते खोडून खाली आशाताईंच्या अक्षरात: ‘ओसरी, ३. खांब चांगले. आजोबांची बाज दाराकडून उजवीकडे.’